बावाचा टोप आधी, सॉफ्टवेअर नंतर

अक्कलकुवा तालुक्यातल्या एका निवासी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सरांचं पत्र आहे. वय ३६. शाळेतली मुलं सुट्टीत घरी गेली की थोरल्या भावांच्या मोबाईलवर गेम खेळतात आणि परत आली की वहीत बंदूकवाले सैनिक काढतात. यंदा होळीनंतर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, गेममध्ये आपला बावा का नाही?" तेव्हापासून काठी गावच्या होळीत मोरपिसांचा उंच टोप घालून नाचणाऱ्या बावाचं थ्रीडी, म्हणजे सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येणारं, पात्र स्वतः बनवायचं सरांनी मनावर घेतलंय. सहा महिन्यांत सात सॉफ्टवेअर टाकून पाहिली. प्रत्येकात धड-डोकं झालं, पण टोपाशी आले की काम अडलं. एका मोरपिसाचा स्क्रीनशॉटही त्यांनी सोबत पाठवलाय. पुण्यातला भाचा सांगतो, थ्रीडीचं खरं काम माया आणि झीब्रश या सॉफ्टवेअरवर होतं, ब्लेंडर हे फुकटचं सॉफ्टवेअर हौशी लोकांचं. तालुक्याच्या गावातला दुकानदार दीड हजारात "सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणतो. सरांच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शाळेच्या संगणक खोलीत ४ जीबीचे जुने संगणक आहेत. नव्या लॅपटॉपसाठी शिक्षक पतपेढीतून कर्ज काढावं का, असं ते विचारतात. शेवटी लिहितात: "ताई, यातलं बेस्ट कोणतं, एवढं एकच सांगा. आणि मुलांच्या आवडत्या गेममध्ये आमचा बावा घालता येईल का?"

सर, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. मुलं मोबाईलवर खेळतात त्या ऑनलाइन गेममध्ये बाहेरचं पात्र घालता येत नाही. कोणतं पात्र असावं हे त्या कंपनीच्या हातात असतं. "मॉड एपीके" नावाने फिरणाऱ्या, गेममध्ये परस्पर फेरफार केलेल्या फायली हे काम करून देतो म्हणतात, पण त्या टाकल्या तर गेमचं खातं बंद होऊ शकतं आणि फोनमध्ये नको ते शिरू शकतं. फोनही बहुतेक घरातल्या थोरल्याचा असतो, ज्यावर बँकेचं ॲप असतं. मुलांना हे तुम्हीच समजावून सांगा, तुमचं ऐकतील.

बाहेरचं पात्र चालवून घेणारे गेमही आहेत. माइनक्राफ्टमधली स्किन, म्हणजे पात्राचं बाह्यरूप, हे ६४ बाय ६४ ठिपक्यांचं (पिक्सेलचं) एक चित्र असतं. लुआंटी हा तसाच ठोकळ्यांचा गेम, तो फुकट आणि खुला आहे. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. पण तुम्हाला हवाय तो नाचणारा बावा, ठोकळ्यावर रंगवलेला नव्हे. म्हणजे त्याला नाचायला अंगण आपल्यालाच सारवावं लागणार. एक छोटा, स्वतःचा गेम. होळीची रात्र, मधे होळी, ढोलाचा ताल आणि तालावर बोट पडलं की बावाचं पाऊल पडतं, एवढाच. त्यासाठी गोडो नावाचं इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, घ्या. २०१४ पासून त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, पैसे लागत नाहीत, उद्या गेम विकलात तरी हिस्सा द्यावा लागत नाही, आणि तुमच्या लॅपटॉपवर ते चालतं.

आता "बेस्ट कोणतं" याकडे येऊ. सातही सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही एकाच जागी अडलात. सात वेगळी, वेगळ्या पद्धतीची सॉफ्टवेअर, आणि सगळी टोपाशीच कशी अडतील? अडचण टोपात आहे, सर. तुमचा स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. पिसाचा तंतू न् तंतू तुम्ही घडवलाय. काम इतकं सुरेख आहे की मी ते घरच्यांनाही दाखवलं. पण संगणक प्रत्येक आकार बारीक त्रिकोण जोडून बनवतो, त्यात तसं एक पीस हजारो त्रिकोणांचं होतं, आणि टोपात अशी किती पिसं असतात ते तुम्ही जवळून पाहिलंय. तुमचा लॅपटॉप त्या ओझ्याखाली बसला. महागडा लॅपटॉप कदाचित उभा राहिला असता, पण पुढे ज्या फोनवर मुलं खेळणार तो बसलाच असता.

मोबाईलच्या गेममध्ये पीस घडवत नाहीत, चिकटवतात. गळून पडलेलं एक चांगलं मोरपीस घ्या. सावलीत पांढऱ्या कागदावर ठेवा, फोन बरोबर वरून धरा, फोटो काढा. क्रिता किंवा गिंप ही चित्रांची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत, त्यातल्या एकात मागचा कागद पुसा म्हणजे पिसाभोवती पारदर्शक जागा राहील. ५१२ पिक्सेलच्या चौकोनात बसवून पीएनजी करून ठेवा. मग ब्लेंडरमध्ये एक लांबट पट्टी घ्या, तिचे आडवे चार भाग पाडा आणि टोकाकडे जराशी वाकवा. चार चौकोन म्हणजे आठ त्रिकोण. तिच्यावर पिसाचं चित्र बसवा. अशा ६० पट्ट्या टोपाभोवती तीन थरांत लावल्या, आतल्या उभ्या, बाहेरच्या कललेल्या, की सगळे मिळून ४८० त्रिकोण होतात. प्रत्येक पट्टी पाच-सात अंशांनी इकडेतिकडे फिरवा, नाहीतर टोप झाडूसारखा दिसेल. दोन-तीन पिसं मोडकी ठेवा. रात्रभर नाचल्यावर खऱ्या टोपातही ती तशीच होतात. खालच्या बांबूच्या कामट्या म्हणजे सहा बाजूंच्या बारीक नळ्या, त्याहून जास्त काही नाही.

गोडोमध्ये आणल्यावर दोन गोष्टी विसरू नका, नाहीतर सगळं बिघडलं असं वाटून तुम्ही आठवं सॉफ्टवेअर शोधायला जाल. पिसाच्या मटेरियलमध्ये पारदर्शकतेसाठी "अल्फा सिझर" निवडा. साधा "अल्फा" निवडला तर मागचं पीस पुढच्यावरून दिसायला लागू शकतं. आणि "कल मोड" बंद करा. पट्टीला जाडी नसते, त्यामुळे एरवी ती एकाच बाजूने दिसते आणि बावाने गिरकी घेतली की निम्मा टोप गायब होतो.

अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचंही असंच. ते मॉडेलमध्ये घडवायचे नाहीत, कातडीच्या चित्रात रंगवायचे. त्यासाठी मॉडेलची कातडी सपाट उलगडावी लागते, तिला यूव्ही उलगडणं म्हणतात. केळं सोलून साल पाटावर पसरल्यासारखं समजा. चीर कुठे द्यायची हे ठरवणं महत्त्वाचं: दंडाच्या आतून, पायाच्या आतून, पाठीच्या मधोमध. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ सांगतात की अर्धंच शरीर रंगवा, दुसरं अर्ध आरशासारखं आपोआप होईल. सैनिकाच्या गणवेशाला ते चालतं. बावाच्या छातीला चालणार नाही. माणसाच्या हाताने उमटवलेले ठिपके डावी-उजवीकडे मोजून सारखे येत नाहीत, आणि आरशातले ठिपके बघणाऱ्याला लगेच खोटे वाटतात. धड पूर्ण उलगडा, पाय हवे तर आरशाने करा. १०२४ पिक्सेलचं एक चित्र पुरतं. तुम्ही चित्रकार आहात, या टप्प्यावर तुम्ही माझ्यासारखीच्या पुढे असाल.

सगळा बावा टोप, घुंगरू, कमरेला बांधलेले दुधी भोपळे धरून आठ-दहा हजार त्रिकोणांत बसवा. स्वस्तातला फोनही तेवढं पेलतो.

आता भाच्याच्या म्हणण्याबद्दल. त्याला मोडीत काढू नका, अर्धं त्याचं बरोबर आहे. मोठ्या स्टुडिओत अजूनही माया पक्की रुजलेली आहे. ती १९९८ साली आली, वीस-पंचवीस वर्षांची कामाची साखळी तिच्याभोवती उभी आहे. झीब्रशमध्ये लाखो-कोटी बिंदूंची मूर्ती मातीसारखी दाबता येते, तसं दुसरं हत्यार मी पाहिलेलं नाही. पण ती साखळी पन्नास माणसांची असते. एक जण मूर्ती घडवतो, दुसरा त्यावर त्रिकोणांची हलकी जाळी चढवतो, तिसरा रंगवतो, चौथा हालचालीसाठी आत हाडं घालतो. तुम्ही एकटे आहात. तुम्हाला असं घर हवं ज्यात चूल, पाटा आणि पाणी एकाच छपराखाली आहे, आणि ते ब्लेंडर आहे. घडवणं, उलगडणं, रंगवणं, हाडं, हालचाल, सगळं एकात.

"हौशी लोकांचं" हे मात्र त्याने जुनं ऐकलेलं आहे. ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा २००२ साली वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून त्याचा कोड सोडवला आणि सगळ्यांसाठी खुला केला. २०२५ साली ज्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरवरच केलेला होता. उद्या तुमचा एखादा विद्यार्थी पुण्याच्या स्टुडिओत गेला तर माया तो काही आठवड्यांत शिकेल. खांदा कुठे वळतो, गुडघा कुठे दुमडतो, हे शिकायला वर्षं लागतात, आणि ते तुम्ही त्याला आजच शिकवताय.

माया हवीच असेल तर ती बनवणारी कंपनी निकषात बसणाऱ्या शिक्षक-विद्यार्थ्यांना एक वर्षाचा मोफत परवाना देते, दरवर्षी नवा करता येतो. त्यावर केलेलं काम विकायचं नसतं, एवढी अट. तेव्हा दुकानदाराला दीड हजार द्यायचं काही कारण उरत नाही. यात मी ठामपणे बोलते, कारण मी भोगलंय. जळगावात ज्या क्लासला मी शिकले तिथे सगळीच सॉफ्टवेअर तशी, परवान्याशिवाय टाकलेली होती. कुणी विचारत नव्हतं, आम्हीही नाही. कोर्स संपायला पंधरा दिवस असताना सगळ्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. मी घडवलेली एक पाणी शेंदणारी बाई होती, दोन महिन्यांचं काम. पेनड्राइव्हही तेव्हा संगणकालाच लावलेला होता, तोही गेला. ती बाई मी परत कधी बनवली नाही. तुमच्या शाळेच्या संगणकांवर मुलांच्या हजेऱ्या आणि शिष्यवृत्तीचे अर्ज असतील. तिथे हे आणू नका.

बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. मेकह्युमनमधून माणसाचं तयार शरीर मिळतं आणि तिथून काढलेलं मॉडेल कुणालाही न विचारता वापरता येतं. स्लायडर न हलवता घेतलं तर कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखं दिसतं, म्हणून उंची, खांदे, पिंढऱ्या आपल्या माणसांप्रमाणे करून घ्या आणि मोबाईलसाठी त्यातली हलकी जाळी निवडा. व्हीरॉइड स्टुडिओ जपानच्या पिक्सिव्ह कंपनीचं, फुकट आणि सोपं, पण त्यातून चेहरा जपानी कार्टूनचाच येतो. हुबेहूब माणसं बनवणारं मेटाह्युमन तुमच्या लॅपटॉपचं काम नाही. फोटो टाकला की एआय त्याचं थ्रीडी मॉडेल काढून देतं, अशा साइटही तुम्ही पाहिल्या असतील. मी तशा मॉडेलवर दुरुस्तीचं काम केलंय. त्यात जाळी गुंतलेली असते, बोटं एकमेकांना चिकटलेली असतात, आणि टोपासारखी एआयने कधी न पाहिलेली वस्तू आली की ते काहीतरी मुकुट घालून मोकळं होतं. तुमचा सगळा खटाटोप तर त्या टोपासाठीच आहे.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी पुण्यातल्या पुष्कळ पोरांकडे नसते. तुम्ही शाडू मळता. म्हणून संगणक उघडण्याआधी वीतभर उंचीचा बावा मातीत करा, हात आडवे पसरलेला, टोपाशिवाय. दोन-तीन मीटर लांब उभं राहून फोन झूम करून समोरून आणि बाजूने फोटो काढा. जवळून काढला तर नाक मोठं आणि कान लहान येतात. ते दोन फोटो ब्लेंडरमध्ये मागे लावा आणि त्यावरून मॉडेल उभारा. मातीची सवय आहे म्हणून तुमचा हात ब्लेंडरच्या स्कल्प्ट मोडकडे, जिथे मातीसारखं दाबून घडवता येतं, ओढ घेईल. पहिल्या बावाला तो मोह टाळा. तिथे घडवलेलं सगळं नंतर हलक्या जाळीत पुन्हा बांधावं लागतं, आणि तुमचे पुढचे सहा महिने त्यातच जातील.

हाडं घालण्यासाठी अडोबीची मिक्सामो ही सेवा खातं उघडलं की फुकट वापरता येते. हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे, जांघ इथे खुणा ठेवल्या की ती सांगाडा बसवून देते. पण बावाला टोप आणि कमरेचे दुधी घालून पाठवू नका. तिला माणूस कळतो, टोप कळत नाही. उघडा बावा पाठवा, सांगाड्यासकट परत आणा, मग ब्लेंडरमध्ये टोप डोक्याच्या हाडाला बांधा. दुधींसाठी कमरेच्या हाडाखाली लहान-लहान हाडं स्वतः जोडा म्हणजे ते पावलागणिक हलतील. पाठवण्याआधी कंट्रोल-ए दाबून माप पक्कं करायला विसरू नका, नाहीतर गोडोमध्ये बावा मुंगीएवढा किंवा सातपुड्याएवढा येतो. गोडोसाठी फाइल जीएलबी प्रकारात काढा.

नाच मात्र तयार मिळणार नाही. मिक्सामोच्या साठ्यात हिप-हॉप आहे, साल्सा आहे, बावाचं पाऊल नाही. कुणा नाचणाऱ्याला विनंती करून समोरून आणि बाजूने व्हिडिओ घ्या, तो ब्लेंडरमध्ये मागे लावा आणि एका आवर्तनाच्या मुख्य मुद्रा धरत जा. पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी कंबर खाली दबते, तेवढं पकडलंत की वजन आल्यासारखं वाटतं. हे काम चिकाटीचं आहे, महिनाभर लागेल.

कर्ज काढू नका. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला विचारा, आणखी ८ जीबीची रॅम बसते का. बऱ्याच मॉडेलमध्ये बसते आणि कर्जाच्या मानाने ते किरकोळ काम आहे. चाकवाला तीन बटनांचा माऊस घ्या. टचपॅडवर ब्लेंडर शिकणं म्हणजे हातमोजे घालून शाडू मळणं.

शाळेच्या ४ जीबीच्या संगणकांवर नवं ब्लेंडर चालणार नाही. २०२१ सालचं २.९३ तग धरेल, जुन्या आवृत्त्या त्यांच्या साइटवरच मिळतात. पण नव्यात केलेली फाइल जुन्यात नीट उघडेलच असं नाही, म्हणून शाळेत आणि घरी मिळून काम करायचं असेल तर दोन्हीकडे तीच आवृत्ती ठेवा. मुलांसाठी मात्र मी ब्लेंडर सांगणार नाही. त्यांना ब्लॉकबेंच द्या. फुकट आहे, ब्राउझरमध्येच उघडतं, ठोकळे जोडून पात्र बनवायचं आणि ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवायचं. मला खात्री आहे, मुलांचा ठोकळ्यांचा बावा तुमच्या आधी पुरा होईल. ज्याने प्रश्न विचारला त्या मुलाला पहिला संगणक द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, मी विचारते. बावा होणारा माणूस होळीच्या त्या दिवसांत पाळणी पाळतो, ते त्याच्यासाठी व्रत असतं. तो गेममध्ये यावा का, आला तर काय करताना यावा, हे त्यांना विचारलंत का? मुलाच्या मनात कदाचित बावाच्या हातात बंदूकच असेल, आणि त्यात मुलाचं काही चुकलं नाही, त्याने पाहिलेले सगळे गेम तसेच आहेत. नाचाचा गेम मी वर सुचवला तो यासाठीच. तरी माझं सुचवणं पुरेसं नाही. मी जळगावची, काठीची होळी पाहायला आलेली पाहुणी. तुम्ही त्यांच्यात राहता. मातीचा बावा वाळला की तो घेऊन जा आणि काय करायचं मनात आहे ते सांगा. कुणी म्हणालं की घुंगरू चालतील पण अमुक खूण दाखवू नका, तर ती दाखवू नका. आणि टोप झाला की फोनवर फिरवून पुन्हा दाखवा. पिसांचा थर कुठे चुकलाय ते तिथले म्हातारे पहिल्या नजरेत सांगतील. ते टिपून घ्या, रात्री दुरुस्त करा, आणि मला तो दुसरा स्क्रीनशॉट पाठवा.